देवडीच्या आत कोण जाणार?

१९२२ सालचा पावसाळा. सह्याद्रीतल्या चिखलवाटेनं एक पालखी चढते आहे आणि आत मुंबईची एक पारशी वकील मुलगी बसली आहे. तिला या कामावर नेमलंय इंग्रज सरकारच्या कोल्हापूर एजन्सीनं. डोंगरातल्या एका लहानशा संस्थानचा राजा आजारानं गेला, पाठोपाठ त्याचा थोरला मुलगा शिकारीत दगावला. आता गादीचा वारस म्हणजे धाकटा पोर, अजून शिकायच्या वयातला. त्याला शिकायला ठेवायचं कुठं, यावरून त्याची आजी आणि आई यांचं बिनसलं आहे. दोघी राण्या गोषातल्या. परपुरुषासमोर यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. सरकारी साहेब देवडीपर्यंत येणार आणि तिथून परत फिरणार. मग आत जाऊन दोघींचं म्हणणं ऐकायचं कुणी?

संस्थानचं नाव सातापूर. नकाशात शोधू नका. सुजाता मॅसी यांनी ते २०१९ साली ‘द सातापूर मूनस्टोन’ या इंग्रजी कादंबरीत वसवलं आहे. पालखीतली मुलगी म्हणजे त्यांची नायिका परवीन मिस्त्री. कोल्हापूरकर वाचकाला मात्र ते संस्थान अगदीच परकं वाटत नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या हाताखाली विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी अशा जहागिरी होत्याच. त्यातल्या घाटमाथ्याच्या जहागिरींतला पाऊस ज्यानं अंगावर घेतलाय, त्याला त्या पालखीतला ओलसर वास पानातून येतो.

मॅसी राहतात अमेरिकेत, बाल्टिमोरला. वडील भारतीय, आई जर्मन, जन्म इंग्लंडचा, वाढ अमेरिकेतली. आधी दैनिकात बातमीदारी केली, मग काही काळ जपानात राहिल्या. १९९७ साली त्यांची पहिली रहस्यकादंबरी आली, तिची नायिका अर्धी जपानी, अर्धी अमेरिकन. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २०१८ साली, त्यांनी परवीनला मलबार हिलवरच्या एका खुनाच्या तपासावर पाठवलं आणि त्या पुस्तकाला अमेरिकेतला अगाथा पुरस्कार मिळाला. बाल्टिमोरमध्ये बसून लिहिणाऱ्या बाईंना १९२१च्या मुंबईतली तरुण गुप्तहेर मुलगी सापडली कुठं, हा प्रश्न मला त्या खुनाइतकाच रहस्यमय वाटला. उत्तर मात्र मॅसींनी लपवलेलं नाही. परवीन दोन खऱ्या बायकांवरून सुचली, असं त्या उघड सांगतात. आणि त्या दोघींपैकी पहिलीचं बालपण गेलं आपल्या शेजारी, बेळगावात.

ती कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १५ नोव्हेंबर १८६६. वडील पारशाचे ख्रिस्ती झालेले मिशनरी, आई फ्रान्सिना पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल चालवणारी. बेळगावनंतर घर पुण्याला आलं आणि कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात शिकल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर. त्यांच्या निकालावर विलायतेत शिकायला जायची सरकारी शिष्यवृत्ती पुरुष विद्यार्थ्याला आपसूक मिळाली असती. यांना बाई म्हणून नाकारली गेली. मग इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या. तिथं कायद्याचा अभ्यास करणारी ही पहिली बाई. १८९२ साली खास परवानगी काढून परीक्षा दिली, पण पदवीचा कागद हाती यायला तीस वर्षं लागली, कारण बायकांना पदवी द्यायचीच नाही असा ऑक्सफर्डचा तोवर रिवाज होता.

१८९४ साली परत आल्या तर इथंही तीच तऱ्हा. कायदा येतो, पण कोर्टात उभं राहता येत नाही. मुंबईची एलएल.बी. झाली, अलाहाबादची वकिलीची परीक्षा झाली, तरी सनद नाही. मधल्या काळात संस्थानी दरबारांत खास परवानगीनं एखाददुसरं काम मिळे. अशाच एका सुरुवातीच्या खटल्यात त्यांचा अशील हत्ती होता आणि राजानं निकाल यांच्या बाजूनं दिला तो आपल्या कुत्र्याला ही बाई आवडली म्हणून! आयुष्यभराची परीक्षा देऊन आलेल्या माणसाला याहून सरळ उत्तर दुसरं काय मिळणार?

खरी वाट निघाली ती मात्र कोर्टाच्या बाहेरून. १९०४ साली बंगाल सरकारनं त्यांना कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे नेमलं. अज्ञान वारस आणि विधवा यांच्या जमीनजुमल्याची देखरेख करणारं हे सरकारी खातं. पुढं बिहार, ओरिसा, आसामही त्यांच्याकडं आलं. वीसेक वर्षांत सहाशेहून जास्त बायका आणि मुलं त्यांच्या हाताखालून गेली. डोली, पालखी, होडी, मिळेल त्या वाहनानं जायचं आणि जिथं कलेक्टरचाही पाय पडत नाही त्या जनानखान्यात जाऊन बसायचं.

या कामात गुप्तहेरी कुठं आली, ते समजायला पडद्याचा कायदा थोडा समजून घ्यावा लागतो. रूढीनं चारचौघांत न येणाऱ्या बाईला कोर्टात स्वतः हजर राहायची सक्ती करता येत नसे. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतलं १३२वं कलम याच सवलतीचं. मग जबानी घ्यायला कमिशनर घरी जाई. तो पडद्याच्या अलीकडं, बाई पलीकडं. आता पलीकडून जो आवाज येतोय तो त्याच बाईचा कशावरून? तिच्यामागं बसून कुणी शब्द पढवत नाही कशावरून? कागदावर उठलेला अंगठा तिचाच, आणि तिनं तो मजकूर ऐकून, उमजून उठवला, हे कोण सांगणार? सांगणारा असायचा घरातलाच पुरुष: दीर, भाचा, कारभारी. बऱ्याचदा त्याच कागदात ज्याचा फायदा, तो. न्यायालयांनाही हा धोका कळत होता. म्हणून पडदानशीन बाईचा दस्तऐवज पुढं करणाऱ्यानंच तो तिला समजावून सांगितला होता हे सिद्ध करायचं, असा दंडक प्रिव्ही कौन्सिलपर्यंत घालून दिलेला होता. पण दंडक कितीही चांगला असला तरी पडदा जागेवरच.

रहस्यकथा लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं ही खाणच. बंद खोली म्हणजे कडी लावलेली खोली, असं आपण धरून चालतो. इथं खोली उघडी आहे, आत माणसं आहेत, रोजचा स्वयंपाक चालू आहे, फक्त निम्म्या जगाला आत जायची परवानगी नाही. पोलीस निम्म्या जगातला, न्यायाधीश निम्म्या जगातला. अशा घरात गुन्हा घडला तर तपास करणारी बाईच हवी, आणि तिला कागद वाचता यायला हवा. कादंबरीकाराला नायिका ‘सुचायला’ बसावं लागत नाही. परिस्थितीच तिचं वर्णन करून देते. परवीनच्या पहिल्या पुस्तकात नेमकं हेच होतं. एक गिरणीमालक वारतो. मागं तीन विधवा, तिघीही गोषातल्या. तिघींनी आपली मिळकत धर्मादायाला लिहून दिल्याचा कागद परवीनच्या वडिलांच्या पेढीत येतो, आणि त्यातली एक सही म्हणजे नुसती फुली. जिला सही करता येत नाही तिला हा कागद वाचता आला असेल का, एवढ्या एका शंकेवर कादंबरी उभी राहते.

दुसरी बाई मिठन टाटा, लग्नानंतरच्या मिठन लाम. जन्म १८९८. १९१९ साली आई हेराबाईंबरोबर लंडनला गेल्या त्या हिंदुस्थानातल्या बायकांना मताधिकार मिळावा म्हणून साक्ष द्यायला. तिथंच राहून शिकल्या, १९२३ साली लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या आणि पुढच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयात उभ्या राहिलेल्या पहिल्या महिला वकील ठरल्या. १९४७ साली त्या मुंबईच्या शेरीफही होत्या. त्या वकिली करू शकल्या त्याचं कारण १९२३चा कायदा. बाई आहे एवढ्यावरून वकिलीची सनद नाकारता येणार नाही, हे त्या कायद्यानं सांगितलं. कॉर्नेलियाबाईंनाही कलकत्त्यात वकिलीचा गाऊन चढवता आला तो त्यानंतरच, म्हणजे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या आसपास.

आता इथं कादंबरीकाराची लबाडी बघा (लबाडी हा शब्द मी कौतुकानंच वापरतोय). परवीनची पहिली गोष्ट घडते १९२१ साली. तेव्हा मुंबईत बाई वकील नव्हतीच. मॅसींनी काळ दोन-तीन वर्षं अलीकडं ओढला. पण परवीनला कोर्टात बोलू दिलं नाही. ती वडिलांच्या पेढीत कागद तयार करते, अशिलांना भेटते, न्यायाधीशासमोर मात्र बापच उभा राहतो. १९२३चा कायदा झाल्यावर गोष्ट सुरू केली असती तर परवीन सरळ कोर्टात जाऊन भांडली असती आणि आपल्याला कोर्टाची कादंबरी मिळाली असती. तोंड बांधलेलं आहे म्हणून तिला पाय वापरावे लागतात.

स्वभावातही उचलाउचल अशीच निवडून केलेली. कॉर्नेलिया सोराबजी इंग्रजी राज्याच्या कट्टर पाठीराख्या होत्या, गांधीजींच्या चळवळीला त्यांचा जाहीर विरोध होता. शेवटची वर्षं लंडनमध्ये काढून १९५४ साली त्या वारल्या. आपल्याकडं त्यांचं नाव फारसं घेतलं जात नाही त्यात या भूमिकेचाही वाटा असावा, असं मला वाटतं. परवीन तशी नाही. ती ख्रिस्ती घरातली नाही, अग्यारीत जाणाऱ्या पारशी घरातली आहे. तिला स्वराज्याबद्दल ओढ आहे आणि साहेबाच्या नोकरीबद्दल संकोच. शिवाय मॅसींनी तिच्या मागं एक मोडलेलं लग्न लावलं आहे: कलकत्त्यातलं सासर, मारहाण, पळून माहेरी येणं, आणि १८६५च्या पारशी विवाह कायद्यात अशा बाईला घटस्फोट मिळत नाही ही कोंडी. म्हणजे दुसऱ्या बायकांचे कागद वाचणारी ही मुलगी स्वतःच एका कागदात अडकलेली आहे. हा भाग ना कॉर्नेलियाबाईंच्या चरित्रातला, ना मिठनबाईंच्या. कादंबरीकार तिथं स्वतःच्या पदरचं घालतो. माझ्या मते परवीन जिवंत होते ती इथंच. खऱ्या बाईकडून घ्यायची ती दारातून आत जायची मुभा. आत गेल्यावर डोळ्यांत पाणी का येतं, ते लेखकालाच ठरवावं लागतं.

वडिलांची पेढी, हा दुवाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९३० साली अमेरिकेत नॅन्सी ड्र्यू अवतरली. पुस्तकावर लेखिकेचं नाव कॅरोलिन कीन, पण अशी बाई अस्तित्वातच नव्हती. कल्पना एडवर्ड स्ट्रेटमायर या पुस्तकं पाडणाऱ्या व्यावसायिकाची, आणि सुरुवातीची बरीच पुस्तकं लिहिली आयोवातल्या मिल्ड्रेड वर्ट बेन्सन या तरुण बाईनं. नॅन्सीही वकिलाची मुलगी. बापाच्या मेजावरचं प्रकरण मुलीच्या कानावर पडतं, तिथून कथा चालू होते. सोळा-अठरा वर्षांच्या मुलीला गुन्ह्याच्या जवळ न्यायचं कसं, ही लेखकाची खरी अडचण. पोलीस तिला हाकलून देतील. बापाचा धंदा हा त्यावरचा सोपा तोडगा.

पण याला नुसता कादंबरीचा तोडगाही म्हणता येत नाही. मुंबईच्या रजनी पंडित यांचंच बघा. महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला खासगी गुप्तहेर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांचे वडील सीआयडीत होते. कॉलेजात असताना रजनीबाईंनी एका वर्गमैत्रिणीचं चुकीच्या संगतीत पडणं हेरून तिच्या घरी कळवलं, तिथून ही खोड लागली असं त्यांनी मुलाखतींत सांगितलंय. १९९१ साली त्यांनी स्वतःची संस्था काढली. त्यांचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण एका खुनाचं. संशयित बाईच्या घरी त्या मोलकरीण म्हणून राहिल्या, सहा महिने. पुरावा समोर आला तेव्हा घराबाहेर पडायला निमित्त मिळेना, म्हणून स्वयंपाकघरातली सुरी स्वतःच्याच पायावर पाडली आणि डॉक्टरकडं जाते म्हणून बाहेर पडून फोन केला. इथंही बघा, दार कोणतं वापरलं? मागचं. धुणंभांडी करणाऱ्या बाईकडं कुणी वर मान करून बघत नाही, तेच तिचं वेषांतर.

एवढं सगळं आपल्याकडं असताना मराठी रहस्यकथेत तरुण मुलगी पुढं का आली नाही? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावं आजोबांच्या पिढीला अजून तोंडपाठ असतील. झुंजारची विजया धाडसी खरी, पण ती झुंजारची. गुरुनाथ नाईकांच्या नायकांनी सरहद्दी ओलांडल्या. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेश फेणेला सायकल दिली आणि पोरांच्या दोनतीन पिढ्या त्याच्या मागं धावल्या. सायकल मुलालाच मिळाली. त्या काळात मुलगी रात्री एकटी बाहेर पडते हे लिहिलं तर वाचक पटवून घेणार नाही, अशी धास्ती असावी. पण परवीनचं उदाहरण सांगतं की मुलीला रात्री बाहेर काढायची गरजच नव्हती. तिला दिवसाढवळ्या आत पाठवायचं होतं.

कोल्हापुरात तर खटल्यांतून कथा काढणारा माणूस होता. बाबा कदम, मूळ नाव वीरसेन. पेशानं सरकारी वकील, फौजदारी कोर्टात पोलिसांच्या बाजूनं उभे राहणारे. कोर्टाच्या व्हरांड्यातली माणसं, शिकार, घोडे, जुन्या जहागिरदारांचे वाडे, हे सगळं त्यांच्या कादंबऱ्यांत आलं. लायब्ररीत त्यांची पुस्तकं हातोहात फिरून कोपरे मऊ झालेली असत. दिवसा खटला चालवायचा आणि रात्री त्याची गोष्ट करायची, ही त्यांची रीत. वाड्याच्या आतल्या बाजूनं गोष्ट सांगणारी मुलगी मात्र त्या फडताळात मला भेटली नाही.

म्हणून सातापूर वाचताना मनात एक वेगळीच जुळवाजुळव सुरू झाली. मॅसींनी त्यांचं संस्थान कल्पनेतून उभं केलं. आणि ज्या एजन्सीचं पत्र घेऊन परवीन निघते त्या कोल्हापूरचा खरा इतिहास काय आहे? राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले आणि परतताना ३० नोव्हेंबरला इटलीत फ्लॉरेन्सला वारले, वय अवघं वीस. तिथल्या नदीकाठी त्यांचं दहन झालं, आजही त्या जागी छत्री आहे. गादीवर दत्तक घेतलेले चौथे शिवाजी महाराज तेव्हा लहान होते. वयात येता येता त्यांना वेड लागलंय असं जाहीर झालं, आणि त्यांना खरंच वेड लागलंय की लावलं जातंय यावर अख्खा महाराष्ट्र बोलू लागला. कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ तुटून पडले. पुराव्यादाखल बर्व्यांची म्हणून पत्रं पुढं आली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि कोर्टात ती पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून ते २६ ऑक्टोबर १८८२ला सुटले. हा तुरुंगवास शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलाय. पत्रं खोटी होती, हा तपशील मात्र आपण घाईनं ओलांडतो. पुढच्याच वर्षी, १८८३च्या नाताळात, अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलेले चौथे शिवाजी महाराज गेले. पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि त्यात त्यांचा अंत झाला. त्यानंतर राणी आनंदीबाईंनी कागलच्या घाटग्यांचा नऊ वर्षांचा यशवंतराव १७ मार्च १८८४ला दत्तक घेतला. तेच शाहू महाराज. त्यांना शिकवायचं कुठं, हाही प्रश्न पडलाच: आधी राजकोटचं राजकुमार कॉलेज, मग धारवाडला फ्रेझरसाहेबांच्या हाताखाली.

वीस वर्षांचा राजा परमुलुखात जातो, दुसऱ्याला वेडा ठरवून किल्ल्यात ठेवतात, खोटी पत्रं फिरतात, तिसरा अज्ञान वारस गादीवर येतो. सातापूरमध्ये यातलं निम्मंही नाही. कादंबरीत इतकं सगळं घातलं असतं तर संपादकानं ‘जरा आवरा’ म्हणून हस्तलिखित परत पाठवलं असतं.

शिकारीतला मृत्यूही आपल्याकडं खराच घडला. शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी जून १९१८मध्ये रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेले, वय एकोणीस. वर्षापूर्वीच लग्न झालं होतं. मागं राहिलेल्या इंदुमतीदेवी अकरा-बारा वर्षांच्या. त्या काळच्या राजघराण्यातल्या बालविधवेचं पुढं काय व्हायचं ते ठरलेलं होतं. शाहू महाराजांनी ते होऊ दिलं नाही. वाड्यातल्या नाराजीपासून लांब, सोनतळीच्या कॅम्पवर त्यांनी सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था केली, सोबतीला वेगवेगळ्या जातींच्या मुली ठेवल्या. घोड्यावर बसायला शिकवलं, मोटार चालवायला शिकवलं. हा सासरा कायद्याच्या बाबतीतही काळाच्या पुढं होता. बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कोल्हापूर दरबारचा कायदा १९१९चा आहे. म्हणजे कादंबरीतली परवीन कलकत्त्याच्या सासरी ज्या छळाला कायद्यात उत्तर शोधत होती, त्याला नाव देणारा कायदा इथं झाला होता. सुनेनं डॉक्टर व्हावं असाही महाराजांचा मानस होता. पण ६ मे १९२२ला महाराजच गेले. तरीही इंदुमतीदेवी मॅट्रिक झाल्या आणि पुढं त्यांनी कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी संस्था उभ्या केल्या.

१९२२. परवीनची पालखी सह्याद्री चढत होती तेच साल. मॅसींना हे ठाऊक होतं की नाही हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटत नाही. कादंबरीतल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या रेसिडेन्सीपासून काही मैलांवर पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी होती. घोडा येणारी, मोटार येणारी, इंग्रजी वाचणारी, आणि जन्मानं-लग्नानं पडद्याच्या दोन्ही बाजू बघितलेली. तिला गुप्तहेर करा असं मी म्हणत नाही. थोरामोठ्यांच्या खऱ्या आयुष्यावर खुनाचं कथानक चढवणं कोल्हापुरात सोपंही नाही, आणि शोभणारंही नाही. मॅसींनी कॉर्नेलियाबाईंचं नाव न घेता परवीन केली ती याचसाठी. नाव बदललं, धर्म बदलला, काळ सरकवला, की मग खऱ्या माणसाची अब्रू राखून गोष्ट सांगता येते.

दारातून आत जाणाऱ्या बायका इथं आणखीही होत्या. रखमाबाई केळवकर संस्थानातल्या मुलींच्या शाळांच्या प्रमुख. त्यांची मुलगी कृष्णाबाई डॉक्टर झाली. शाहू महाराजांच्या आश्रयानं विलायतेला जाऊन शिकून आली आणि अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, बायकांवर उपचार करू लागली. गोषातल्या बाईची नाडी हातात घ्यायचा अधिकार डॉक्टरणीला होता. दुखणं काय, खाण्यात काय आलं, अंगावरचा वळ कशाचा, हे तिला विचारता येई आणि विचारलं तरी कुणाला संशय येत नसे. वकील मुलीला निदान कागदाचं निमित्त लागतं. डॉक्टरणीला तेही लागत नाही.

तरी मला लिहायची झाली तर मी १८८२ धरीन. डॉक्टरीण नाही, वकीलही नाही. तेव्हा दोन्ही होणं शक्य नव्हतं. भवानी मंडपाजवळच्या बोळात राहणाऱ्या एखाद्या दरबारी कारकुनाची मुलगी, पंधरा वर्षांची. आई नाही. बापाला रात्री नीट दिसत नाही, म्हणून दप्तराच्या नकला तो घरी आणतो आणि पोर त्या करून देते. हे दोघांशिवाय कुणाला ठाऊक नाही. पाच वर्षं तिनं मोडीतली माणसांची वळणं गिरवली आहेत. कोण बोरू जोरात दाबतो, कोण ओळीच्या शेवटी घाई करतो, कुणाचा ‘स’ मागं कलतो, हे तिला माणसाच्या चालीसारखं ओळखू येतं. ज्या पत्रांवरून पुण्यामुंबईत गदारोळ चाललाय त्यातल्या एकाची नक्कल, समजा, तिच्या पुढ्यात येते. सही मोठ्या माणसाची. ती दिवा जवळ ओढते. मजकुराचं वळण तिनं आधी पाहिलेलं आहे, सहीचं नाही, मजकुराचं. आणि तो माणूस रोज संध्याकाळी तिच्या बापाशी पान खायला ओट्यावर येऊन बसतो.